अंकांच्या पत्त्यावर

मराठी मासिकात कोठेतरी, बहुधा अनुक्रमणिकेच्या खाली किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात दोन-तीन ओळी असतात. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, अंक कोठे छापला, कोठून प्रसिद्ध केला आणि संपादक कोण, एवढेच त्यांत सांगितलेले असते. कायद्याने छापाव्या लागतात म्हणून त्या छापलेल्या असतात. कथा-कविता वाचून अंक मिटणाऱ्या वाचकाची दृष्टी तेथवर क्वचितच जाते. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघी जो प्रवास करून आलो त्याचा आराखडा मात्र या ओळींवरूनच आखलेला होता. कोणी अष्टविनायक करतो, कोणी कोकण पाहतो. आम्ही मराठी नियतकालिकांचे पत्ते पाहून आलो. काही पत्त्यांवर अंक नव्हते, काहींवर होते, आणि एक-दोन ठिकाणी जे मिळाले ते आम्ही मागायला गेलोच नव्हतो.

या प्रवासाचे कारण सांगितले पाहिजे. आमच्या इंदुरात मराठी लिहिणाऱ्यांचे एक छोटेसे मंडळ आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमावे, लिहिलेले वाचून दाखवावे, पोहे खावे आणि पुढच्या महिन्याचे घर ठरवून उठावे, असा त्याचा साधा क्रम आहे. मंडळात पस्तिशीच्या आतील एकच मुलगी. घरात मराठी, शाळेत हिंदी, बँकेतील नोकरीत इंग्रजी, अशा त्रिवेणीत वाढलेली. तिने आजीच्या घराच्या ओटल्यावर एक ललित लेख लिहिला. आमच्याकडे दाराबाहेरच्या बसायच्या चौथऱ्याला ओटलाच म्हणतात. पुण्या-मुंबईकडे जो ओटा म्हणतात त्याहून हा थोडा निराळा, रस्त्याचाही आणि घराचाही. लेख आम्हां सर्वांना आवडला. तिने तो तीन नामांकित अंकांकडे पाठविला. दोहोंकडून कधीच उत्तर आले नाही. तिसरीकडून दोन ओळी आल्या, की भाषेवर हिंदीची छाया आहे आणि ‘ओटला’ हा शब्द मराठी नाही.

ती रडली-बिडली नाही. पुढच्या बैठकीत शांतपणे म्हणाली, “काकू, हेच मी हिंदीत लिहिलं असतं तर इथल्या इथे छापून आलं असतं. आता पुढचं हिंदीतच लिहिते.”

हिंदीत लिहिण्यात वाईट काही नाही. इंदूरच्या मराठी घरांतून हिंदीचे चांगले लेखक-पत्रकार निघाले, याचा आम्हांला अभिमानच आहे. परंतु जे हिंदीत सुचले त्याने हिंदीत जावे. जे मराठीत सुचले त्याला केवळ दार सापडले नाही म्हणून भाषा बदलावी लागणे ही गोष्ट वेगळी. दोष लेखाचा होता की पत्त्याचा, हे पाहण्याचे आम्ही ठरविले. तिला रजा मिळेना, म्हणून आम्ही तिघी सेवानिवृत्त बायकाच निघालो.

अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी इंदूर सोडते आणि उज्जैन, रतलाम करीत रात्री बडोद्यावरून जाते. बडोदे लागले तेव्हा फलाटावर चहावाल्यांखेरीज कोणी जागे नव्हते. पण ज्या शहरात सयाजीरावांनी १९१० साली बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयांचे जाळे विणायला घेतले, ज्या शहरात १९०९ साली आणि पुढे २०१८ सालीही साहित्य संमेलन भरले, ते झोपेत ओलांडणे आम्हांला बरे वाटेना. बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणूस स्वतःला नेहमी पंगतीच्या टोकाला बसलेला समजतो. वस्तुतः साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, बसल्या त्या १९६१च्या ग्वाल्हेर संमेलनात. पंगत आपल्याकडेही वाढली गेली आहे. आपणच ताट पुढे केलेले नसते.

मुंबईत पहिला पत्ता गिरगावातील खटाववाडीचा. मौज आणि ‘सत्यकथा’ यांच्यामुळे हे नाव मराठी लेखकांच्या दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी होते. १९३३ साली निघालेली ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाली. म्हणजे तेथे कोणी आमच्या मैत्रिणीचा लेख घेणार नव्हते, हे ठाऊक असूनच आम्ही गेलो. गिरगाव आता झपाट्याने बदलते आहे. चाळींच्या डोक्यावरून उंच इमारती डोकावतात. तरीही त्या अरुंद वाडीत उभे राहिल्यावर एक गोष्ट मनाला पटते, की दूरच्या खेड्यातल्या नवख्या लेखकाने टपालात टाकलेले पाकीट शेवटी अशाच एखाद्या जिन्यावरून वर जात असे आणि कोणीतरी मनुष्य ते उघडीत असे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तसे उघडणारे होते. नवोदिताच्या कथेवर ते सविस्तर पत्र लिहीत, कोठे सैल पडले ते दाखवीत, पुन्हा लिहून मागवीत. ‘सत्यकथे’चे मोठेपण तिच्या नावात होते त्याहून अधिक त्या पत्रांत होते.

ह्याच ‘सत्यकथे’ला वैतागूनही काहींनी आपली वाट काढली, हेही येथेच आठवावे. १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढले ते चक्रमुद्रित करून. मग साठीच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ अशी अनियतकालिके निघाली. नावच पाहावे: अ-नियत-कालिक. पैसे जमतील तेव्हा निघणार, संपतील तेव्हा थांबणार. ज्यांना प्रस्थापित अंकांत जागा नव्हती त्यांनी स्वतःच पाट मांडला, आणि आज त्यांतील कित्येक नावे अभ्यासक्रमात आहेत. अंक लहान असला म्हणजे लेखन लहान असते, हा समज खटाववाडीतच सोडून आम्ही दादरला गेलो.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, ज्याची स्थापना १८९८ची, शं. ग. दाते यांची ‘मराठी नियतकालिकांची सूची’ पाहायची होती. १८०० ते १९५० या काळातील नियतकालिकांचा तो धांडोळा आहे. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, १८४० साली त्यांचेच ‘दिग्दर्शन’ हे मासिक. आणि मग जणू बांध फुटला. पाने उलटताना नावे डोळ्यांपुढून सरकत जातात. शेतकऱ्यांसाठी, शिक्षकांसाठी, वैद्यांसाठी, मुलांसाठी, स्त्रियांसाठी, एकेका ज्ञातीसाठी, एकेका पंथासाठी, एकेका गावासाठी. बहुतेक अल्पायुषी. आमच्यापैकी एकीने सुस्कारा टाकला, “केवढी ही स्मशानभूमी!” दुसरी म्हणाली, “अगं, असं बघ, यांतल्या प्रत्येकाला पहिला अंक भरायला मजकूर हवा होता.” हे बोलणे आम्ही वहीत टिपून ठेवले. नवा लेखक समजतो, की आपणच दारोदार फिरतो आहोत. लहान संपादकही पुढच्या अंकाची पाने मोजीत तसाच फिरत असतो. दोघांची गाठ पडत नाही, एवढेच.

‘मनोरंजन’ मासिक १८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी सुरू केले. बंगाली साहित्याच्या ओढीने ‘मित्र’ हे आडनाव घेतलेले हे मराठी गृहस्थ. १९०९ साली त्यांनी दिवाळी अंक काढला आणि आज आपल्या प्रत्येक घरात फराळाबरोबर येणारी परंपरा सुरू झाली. मराठीतील हा सर्वांत मराठी वाटणारा प्रकार बंगालीची ओढ असलेल्या माणसाने रूढ केला, ही गोष्ट आम्ही आमच्या बँकेतल्या मुलीसाठी मुद्दाम लिहून घेतली. भाषेवर कोणाची छाया पडली म्हणजे ती झाकोळतेच असे नाही.

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आम्ही दोन दिवस मुक्काम ठोकला. १ जून १८९३ रोजी सुरू झालेली ही संस्था. येथे आमचा प्रवास खऱ्या अर्थाने कामाला लागला, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

नवा लेखक अंक निवडतो तो नाव ऐकून. आम्ही ठरविले, की नाव झाकून अंक वाचायचा. एकेका नियतकालिकाचे मागचे सहा अंक समोर घ्यायचे आणि वहीत त्याचे एक पान करायचे. पहिला प्रश्न असा, की या सहा अंकांत पुन्हापुन्हा येणारी नावे किती आणि एकदाच आलेली किती? ज्या अंकात तीच दहा नावे सहाही वेळा दिसतात त्याचे दार उघडे असले तरी आत जागा नाही. दुसरा प्रश्न लांबीचा. एका पानावर साधारण शब्द किती, लेख किती पानांचे? आमच्या मैत्रिणीचा लेख तीन हजार शब्दांचा होता. तिने पाठविलेल्या एका अंकात त्या प्रकारचा एकही लेख बाराशे शब्दांपुढे गेलेला नव्हता. तो लेख कोणी वाचलाच नसेल तर नवल नाही. तिसरा प्रश्न वाचकांच्या पत्रांचा. पत्रे कोठून येतात? ज्या अंकाला नांदेड, कारवार, जबलपूर, हैदराबाद येथून पत्रे येतात त्याला बाहेरचा शब्द सोसतो. ज्याची पत्रे चार पेठांतून येतात त्याला ‘ओटला’ अडखळणारच. चौथा प्रश्न, अंक वेळेवर निघतो का? जोडअंक किती वेळा निघाले? वारंवार जोडअंक काढणाऱ्याची ओढाताण चाललेली असते. त्याच्याकडे लेख अडकून पडण्याचा संभव अधिक. पाचवा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत विसरला जाणारा. या अंकाला काय हवे ते त्याने स्वतः कोठे सांगितले आहे का? कित्येक अंक ‘लेखकांस निवेदन’ म्हणून चौकट छापतात. दिवाळी अंकांचे आवाहन पावसाळ्याच्या तोंडाशी येते. गणपतीत पाठविलेली कथा बहुधा पुढच्या वर्षीची असते.

तेथील एका वयस्क कर्मचाऱ्यांनी आमची वही पाहिली आणि एक युक्ती सांगितली. “ताई, जुन्या फायलीतला मार्चचा अंक बघा. ‘नमुना चार’ म्हणून चौकट असते.” खरेच होते. जुन्या नियमांप्रमाणे फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकी, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांचा तपशील छापावा लागे. सलग पाच वर्षांचे मार्चचे अंक पाहिले, की संपादक बदलला का, पत्ता घराचा आहे की कचेरीचा, मालक व्यक्ती आहे की संस्था, हे सारे उलगडते. आता १८६७च्या कायद्याच्या जागी २०२३चा नवा कायदा आला असून तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. परंतु अंकाची कुंडली मांडायला जुन्या फायली आजही पुरेशा आहेत.

दोन दिवसांत वहीची एकतीस पाने भरली. त्यांतली चौदा आम्हीच खोडली. उरली सतरा. आमच्या मैत्रिणीने आपणहून तीनच नावे शोधली होती, आणि ती तिन्ही खोडलेल्या चौदांत होती.

बोरघाट उतरून नव्हे, चढून आम्ही पुण्यास गेलो. पुण्यात पत्ते इतके, की रिक्षावालाही विचारता झाला. टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आणि तिची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’. १५ ऑगस्ट १९४८ रोजी साने गुरुजींनी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक. १९८९ साली विद्या बाळ यांनी सुरू केलेले ‘मिळून साऱ्याजणी’. बालभारतीचे १९७१ पासूनचे ‘किशोर’. प्रत्येकाचा वाचक निराळा, म्हणून प्रत्येकाची भूक निराळी. मुलांसाठी लिहिलेली गोष्ट चर्चेच्या साप्ताहिकाकडे आणि समीक्षा मुलांच्या मासिकाकडे धाडणारेही लेखक असतात, असे आम्हांला हसत सांगण्यात आले.

पण पुण्यातील खरी भेट एका लहान त्रैमासिकाच्या संपादकांशी झाली. त्यांचे नाव त्यांच्याच इच्छेवरून देत नाही. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, त्यांतली एक अंकांच्या गठ्ठ्यांनी भरलेली. पत्ते चिकटविण्याचे काम त्यांच्या पत्नी करतात. आमची वही त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि म्हणाले, “आमचंही पान आहे की नाही?” होते. खोडलेल्यांत नव्हते, हे पाहून ते खूश झाले.

मानधनाचा विषय आम्हीच काढला, कारण तो काढावयास लेखक लाजतात आणि मग मनात कुढतात. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “मानधन देण्याची आमची ऐपत नाही. अंकाच्या दोन प्रती देतो, आणि लेख घेतला तर का घेतला आणि नाही घेतला तर का नाही, याचं पत्र देतो. हे आधी सांगतो. लेख छापून झाल्यावर नाही.” आम्हांला हा व्यवहार स्वच्छ वाटला. लेखणीवर घर चालवू पाहणाऱ्याला केवळ अशा अंकांवर विसंबता येणार नाही, हे उघड आहे. त्याने सतरांपैकी जे थोडे का होईना मानधन देतात त्यांची वेगळी खूण करावी, पाठविण्यापूर्वी विचारावे, आणि जेथे पैसे नाहीत तेथे मोबदल्यात काय मिळते ते पाहावे. चांगला संपादक, चांगला वाचक, किंवा निदान पुढच्या अंकाला दाखविता येईल असे एक छापील पान. यांपैकी काहीच मिळत नसेल तर फुकट लिहू नये. तसेच १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे बाहेरून लिहिणाऱ्याचा आपल्या लेखावरील हक्क त्याचाच असतो. लेखी दस्तऐवज झाल्याखेरीज तो दुसऱ्याकडे जात नाही. अंक लहान आहे, संपादक सज्जन आहेत, म्हणून हे विसरण्याचे कारण नाही. सज्जन संपादक स्वतःच त्याची आठवण देतात.

मग ओटल्याची गोष्ट निघाली. ते ऐकत राहिले. म्हणाले, “पेठेतला माणूस पेठेविषयी लिहितो, असे लेख मला आठवड्याला चार येतात. इंदूरचा ओटला मला कोणी पाठविला नाही. पण बाराशे शब्दांत हवा. आणि तो शब्द मी बदलणार नाही; एका वाक्यात त्याचा अर्थ लेखातच आला पाहिजे, तळटीप नको.” आम्ही तेथूनच मुलीला दूरध्वनी लावला. तिला आनंद व्हावा ही आमची अपेक्षा, ती म्हणाली, “तीन हजाराचे बाराशे? मग उरलं काय?” संपादकांनी फोन मागून घेतला. वीस मिनिटे ते तिच्याशी बोलत होते. पैकी पंधरा मिनिटे वाद चालला होता, आणि तो मराठीत चालला होता, याचे आम्हांला मोठे समाधान वाटले.

स्वारगेटहून एस.टी. धरून, खंबाटकी घाट ओलांडून आणि सुरूर फाट्यावर वळून आम्ही वाईला पोहोचलो. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, संथ वाहणारे पाणी. वाईत शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे विश्वकोशाचे काम यांमुळे या गावाचा पत्ता ज्ञानाचा पत्ता झाला. १९४७ साली सुरू झालेले ‘नवभारत’ हे वैचारिक मासिकही याच प्राज्ञपाठशाळेच्या नावाशी जोडले गेले, तर्कतीर्थ, मे. पुं. रेगे यांच्यासारख्यांनी त्याचे संपादन केले. तत्त्वज्ञानावरचा लांबलचक लेख, ज्याला शहरातले रंगीत अंक हात लावणार नाहीत, तो एका नदीकाठच्या तालुक्याच्या गावातून महाराष्ट्रभर जात असे. राजधानीतूनच सारे निघते असे नाही, हे पाहायला वाईस जावे.

सातारचे स्टेशन गावाबाहेर माहुलीला. तेथून गाडीने किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना मांडला, तो औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर. त्याच संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी पुढे १९३५ साली आमच्या इंदूरला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आले होते. माळावर उभे राहून आम्ही त्या नात्याची मोळी बांधली. १९२० साली येथून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. नावाप्रमाणे ते कारखान्याचे खबरपत्र, नांगर घेणाऱ्यांसाठी आणि विकणाऱ्यांसाठी. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे हळूहळू घराघरांत वाचले जाणारे मासिक केले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ त्याला येऊन मिळाली. पुढे हा संसार पुण्यास गेला. ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनीच नंतर ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. म्हणजे पुण्यातल्या एका पत्त्याचे मूळ आम्हांला या माळावर सापडले.

नवशिक्या लेखकाने किर्लोस्करवाडीपासून एक गोष्ट घ्यावी. ज्या अंकाला आपण साहित्याचा अंक मानीत नाही तोही अंकच असतो. बँकेचे गृहपत्र, सहकारी संस्थेचे वार्षिक, शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, गणेशोत्सव मंडळाचा विशेषांक, ज्ञातीचे मासिक, वैद्यांचे वा शेतकऱ्यांचे पत्र, या सर्वांना चार नीट लिहिलेली पाने हवी असतात आणि ती मिळत नाहीत. नांगराच्या जाहिरातीशेजारी छापले जाण्यात कमीपणा मानला असता, तर ‘किर्लोस्कर’चे पहिले लेखक घरीच बसले असते.

मिरजेपुढे भाषा बदलू लागते. स्टेशनांच्या पाट्यांवर कानडी येते, आणि कुडचीच्या अलीकडे पुलाखालून पुन्हा कृष्णा भेटते. वाईची तीच, पण आता ऐसपैस झालेली, दोन भाषांना पाणी पाजणारी. बेळगावी आमचा शेवटचा पत्ता होता. १८४८ साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय हा तो पत्ता. त्याच वर्षी पुण्याचे नगर वाचन मंदिरही निघाले. म्हणजे वाचनाच्या बाबतीत बेळगाव पुण्याचे धाकटे भावंड नसून जुळे आहे. १९१९ साली बाबुराव ठाकुरांनी ‘तरुण भारत’ येथूनच काढला. १९४६ साली येथील साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला पाहायचे होते ते निराळे, की सीमेवरचा नवा लेखक आपले पहिले पान कोठे छापतो?

“अंक आहेत की सगळे, बसा की निवांत,” असे म्हणून आमच्यापुढे गठ्ठा ठेवण्यात आला. त्यात दैनिकांच्या रविवार पुरवण्या होत्या, सहकारी संस्थांची वार्षिके होती, आणि गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या पत्रिका होत्या. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा ही खेडी आपापली मराठी साहित्य संमेलने भरवितात. ग्रंथदिंडी निघते, कविसंमेलन होते, गावकरी जेवण घालतात. खेड्यातील मुलगा आपली कविता प्रथम येथे म्हणतो, मग पुरवणीत छापतो, मग कोल्हापूर-पुण्याच्या अंकांकडे वळतो. पायऱ्या आहेत, आणि त्या गावाने बांधलेल्या आहेत. त्याच्या मराठीत कानडी शब्द येतात. कोणी त्याला छाया म्हणत नाही. त्याला बेळगावी बोली म्हणतात.

येथे आम्हांला आमच्या इंदूरचे उणे दिसले. आमच्याकडे लिहिणारी माणसे आहेत, महाराष्ट्र साहित्य सभेसारखी जुनी संस्था आहे, वाचनाची आवड आहे. पहिली पायरी मात्र आम्ही बांधली नाही. मुलीने पहिलाच पाय चौथ्या पायरीवर टाकला. तो चुकला यात आश्चर्य ते काय? दलित लेखकांनी आपली पायरी स्वतः बांधली. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने तेव्हाच्या औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, १९६७-६८ पासून लिहिणाऱ्यांची एक पिढी उभी केली, आणि लेखक-वाचक मेळावे भरवून दोघांची गाठ घालून दिली. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेने ‘पंचधारा’ त्रैमासिक काढले. जे तेथे घडले ते माळव्यात घडू नये असा कोणताही नियम नाही.

परतल्यावर मंडळाच्या बैठकीत आम्ही हिशेब मांडला. खोडलेली चौदा पाने तशीच ठेवली आहेत, कारण खोडण्याची कारणेही उपयोगी असतात. सतरा पत्त्यांपुढे प्रत्येकी चार गोष्टी लिहिल्या आहेत. लेखाची लांबी, नव्या नावांचे प्रमाण, मानधनाविषयीचे धोरण आणि मजकूर पाठविण्याचा महिना. पत्र कसे लिहावे याचाही एक नमुना चिकटविला आहे. चार ओळींचे पत्र पुरे. स्वतःची स्तुती नको, आधी छापून आलेल्यांची यादी नको. लेख कशाविषयी, किती शब्दांचा आणि याच अंकाकडे का पाठवीत आहोत, एवढे असावे. एक लेख एका वेळी एकाच अंकाकडे जावा, आणि त्याची स्थळप्रत घरी राहावी. तीन महिन्यांत उत्तर न आल्यास एक स्मरणपत्र लिहावे, त्यालाही उत्तर न आल्यास कळवून लेख मोकळा करून घ्यावा आणि वहीतील पुढचे पान उघडावे.

आमच्या बँकेतल्या मुलीचा लेख बाराशे ऐंशी शब्दांवर येऊन थांबला आहे. ऐंशी शब्दांवरून अजून वाद चालू आहे. अंक निघायचा आहे, आणि लहान अंकांचे काही सांगता येत नाही. तो निघेलच अशी हमी संपादकांनीही दिलेली नाही. मधल्या काळात तिने दुसरा लेख लिहिला आहे, सराफ्यातल्या रात्रीवर, मराठीत. तो कोठे पाठवावा हे तिने आम्हांला विचारले नाही. वही घेऊन गेली, दोन आठवड्यांनी परत आणून दिली. सतरांच्या खाली तिच्या हस्ताक्षरात अठरावा पत्ता आहे.

वही मंडळाच्या कपाटात आहे. ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, कोठल्याही गावच्या लिहित्या माणसाने हवी तर तिची नक्कल करून न्यावी. बदल्यात आपल्या गावातील एखाद्या लहान अंकाचे नाव तेवढे कळवावे.